हेतूला तारण काय?

पैसा मिळविणें हा व्यापाराचा धर्म आहे, असें पूर्वीं व्यापारी निःसंकोचपणें म्हणत. आज तसें उघड म्हणण्याची लाज वाटूं लागली आहे. कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. नफ्यातोट्याच्या आंकड्यांपूर्वीं चारदोन पानें अशीं आढळतात कीं, आपण एखाद्या सेवासंघाचें निवेदन वाचीत आहों असा भास व्हावा. आमचें ध्येय पैसा नसून समाजाचें कल्याण आहे, आम्ही येत्या तिमाहीकडे न पाहतां पुढच्या पिढीकडे पाहतों, अशा अर्थाचीं हीं वाक्यें असतात. तीं वाचून भाविकाचें मन भरून येतें आणि संशयी मनुष्य हंसून पान उलटतो. परंतु भाविक काय आणि संशयी काय, दोघेही एकाच प्रश्नाभोंवतीं घुटमळत असतात: या लोकांचें अंतःकरण खरोखर तसें आहे काय?

आमच्या मतें हा प्रश्नच निरुपयोगी आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणाची झडती कोणास घेतां येत नाहीं, आणि कंपनीला तर अंतःकरणही नसतें. गांवांतील सावकार कर्ज देतांना ऋणकोची नियत कशी आहे याचा खल करीत बसत नाहीं. तो तारण मागतो. नियत चांगली असली तर तारणानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि उद्यां ती फिरली तरी घेणें बुडत नाहीं. ज्या कंपन्या नफ्याहून ध्येय मोठें असें सांगतात, त्यांनाही हाच व्यवहारी प्रश्न विचारावा. आपल्या हेतूपोटीं यांनीं तारण काय ठेविलें आहे? हेतु आणि नफा यांचा खटका उडेल त्या दिवशीं हेतूच्या बाजूनें उभें राहण्याचा अधिकार कोणाच्या हातीं दिला आहे?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. कारण तें वाटतें तितकें हलकें नाहीं. १९७० सालीं अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, समाजाचे नियम पाळून नफा वाढविणें हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी होय. या प्रतिपादनांत लोभाची भलामण होती असें समजणें अन्यायाचें होईल. त्याच्या मुळाशीं विश्वस्ततेचा विचार होता. कंपनीचा व्यवस्थापक हा भागधारकांचा गुमास्ता आहे. त्यानें धन्याचा पैसा स्वतःला प्रिय असलेल्या सत्कार्यांत घातला, तर तो हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतो. मिठाई दुसऱ्याची जाते, पुण्य मात्र याच्या खातीं जमा होतें.

हा आक्षेप केवळ तर्काचा नाहीं, हें मोटारींचे प्रसिद्ध कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या उदाहरणावरून दिसतें. १९१६ सालीं त्यांनीं मोटारीची किंमत ४४० डॉलरांवरून ३६० डॉलरांवर आणण्याचें आणि सांठलेला नफा कारखाना वाढविण्यांत घालण्याचें ठरविलें. अधिकाधिक लोकांना काम मिळावें आणि अधिकाधिक लोकांना मोटार परवडावी, हा आपला हेतु आहे असें ते सांगत. भागधारकांना नेहमींचा लाभांश मिळे. जादा मिळणार नव्हता. फोर्ड यांच्याकडे कंपनीचे ५८ टक्के भाग होते आणि डॉज नांवाच्या दोघां बंधूंकडे १० टक्के. हे बंधु न्यायालयांत गेले. मिशिगन संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१९ सालीं असा निकाल दिला कीं, धंद्यासाठीं काढलेली कंपनी ही मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठीं असते. कारखाना वाढविण्यास त्यानें हरकत घेतली नाहीं. परंतु सुमारें १ कोटी ९० लाख डॉलर जादा लाभांश वांटण्याचा हुकूम केला. डॉज बंधूंनीं स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला होता व त्यांना हा पैसा तिकडे उपयोगी पडणार होता, हें खरें. परंतु शंभरांतील दहा वांटे त्यांचे होते, हेंही तितकेंच खरें.

फोर्ड यांच्या औदार्याला आणखीही एक बाजू होती. १९१४ सालीं त्यांनीं मजुराला दिवसाचे पांच डॉलर देण्याचें जाहीर केलें, तेव्हां लोक थक्क झाले. परंतु त्या पैशास आपण पात्र आहों हें मजुराला सिद्ध करावें लागे. कंपनीचे निरीक्षक त्याच्या घरीं जाऊन तो दारू पितो काय, घर स्वच्छ ठेवतो काय, पैसे शिल्लक टाकतो काय, याची चौकशी करीत. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या दानाचा हा नेहमींचाच प्रकार आहे. जो हात उघडतो तोच पुढें कान धरतो, आणि मनास येईल त्या दिवशीं तो आखडतांही येतो.

म्हणून फ्रीडमन यांच्या आक्षेपास एकच प्रामाणिक उत्तर संभवतें. ज्याला नफ्याहून ध्येय मोठें करावयाचें असेल, त्यानें तें स्वतःच्या पैशानें करावें; आणि करतांना आपली मर्जीही त्यांतून काढून घ्यावी. असें कोणी केलें आहे काय? केलें आहे, आणि तें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं, जर्मनींतील येना नांवाच्या एका लहान विद्यापीठाच्या गांवीं.

कार्ल झाइस या कारागिरानें १८४६ सालीं येथें शास्त्रीय उपकरणें बनविण्याचें एक दुकान काढलें. वीस वर्षांनीं त्यानें विद्यापीठांतील एर्न्स्ट आबे या तरुण पदार्थविज्ञानवेत्त्यास साह्यास घेतलें. तोंवर सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें अंदाजानें घासून व जुळवून पाहून बनवीत. एक बिघडलें कीं दुसरें घ्यावें. आबे यांनीं त्यामागील उपपत्ति गणितानें मांडली आणि भिंग आधीं कागदावर सिद्ध होऊन मग कारागिराच्या हातीं जाऊं लागलें. ऑटो शॉट या रसायनशास्त्रज्ञानें भिंगांसाठीं नव्या जातीची कांच तयार केली. १८८४ सालीं येना येथेंच कांचेचा कारखाना निघाला. रॉबर्ट कॉख यांच्यासारखे जंतुशास्त्रज्ञ झाइसच्या कारखान्याचीं भिंगें वापरूं लागले, धंदा भरभराटला, आबे भागीदार झाले. १८८८ च्या अखेरीस झाइस वारले तेव्हां ते एक श्रीमंत कारखानदार होते.

या कारखानदाराचें बाळपण गरिबींत गेलेलें होतें. त्यांचे वडील आयझेनाख येथील सूतगिरणींत दिवसाचे चौदा ते सोळा तास राबत. दुपारचें जेवण लहानगा एर्न्स्ट घेऊन जाई. बाप यंत्राला टेकून उभ्यानेंच तें घाईघाईनें खाई आणि रिकामें भांडें मुलाच्या हातीं देऊन पुन्हां कामाला लागे. ही हकीकत आबे यांनीं पुढें स्वतः सांगितली आहे. अशा घरांतील मुलगा श्रीमंत झाला म्हणजे बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते: तो आपलें मूळ विसरतो, नाहीं तर कळवळा येऊन दानधर्म करूं लागतो. आबे यांनीं हिशोब मांडला. भिंगांचें शास्त्र विद्यापीठांत वाढलें, आणि विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालतें. भिंगें घासणारे हात शेंकडों कारागिरांचे आहेत. यांतून आपल्या श्रमाचें योग्य वेतन वजा घातल्यावर जें उरतें, त्यावर आपला हक्क कोणत्या न्यायानें पोहोंचतो? या प्रश्नास त्यांना उत्तर सांपडलें नाहीं. १८८९ सालीं त्यांनीं कार्ल झाइस यांच्या नांवें एक विश्वस्त संस्था स्थापिली आणि १८९१ सालीं धंद्यांतील आपली मालकी तिच्या स्वाधीन केली. झाइस यांच्या पुत्राचा हिस्साही तिच्याकडेच आला. जो काल धनी होता, तो आज त्याच कारखान्यांत पगारी व्यवस्थापक झाला.

एवढ्यावर ते थांबते, तर जगांतील मोठ्या दानांत आणखी एकाची भर पडली असती, इतकेंच. आबे यांचें वैशिष्ट्य १८९६ सालीं त्यांनीं या संस्थेसाठीं तयार केलेल्या घटनेंत आहे. कोणास कामावर घेतांना त्याचा वंश, धर्म किंवा राजकीय पक्ष पाहूं नये, असें तींत लिहिलें. व्यवस्थापकासुद्धां कोणाचाही पगार मुरलेल्या कामगाराच्या सरासरी वेतनाच्या दहापटीहून अधिक असूं नये, असें ठरविलें. निवृत्तिवेतन, पगारी रजा आणि कामावरून दूर केल्यास भरपाई या गोष्टी कामगाराच्या हक्काच्या म्हणून नमूद केल्या. त्यांसाठीं त्यानें कोणाचे पाय धरावयाचे नव्हते. उरेल त्या नफ्यांतून कारखान्याची गंगाजळी भरावी, विद्यापीठांतील संशोधनास मदत करावी, गांवाच्या उपयोगाचीं कामें करावीं. येना येथें १९०३ सालीं पुरी झालेली वाचनालयाची व सभागृहाची इमारत या पैशांतून उभी राहिली, आणि ती सर्वांस खुली होती.

कामाच्या तासांची गोष्ट तर विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कामगारांचें मत घेऊन १ एप्रिल १९०० पासून आबे यांनीं नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला. वर्षानंतर त्यांनीं उक्त्या दरानें काम करणाऱ्या २३३ कामगारांची दोन वर्षांची कमाई ताडून पाहिली. दिवसाचें काम पूर्वींइतकेंच होण्यास दर तासाच्या कामांत साडेबारा टक्के वाढ पुरेशी होती; प्रत्यक्षांत ती सोळा टक्क्यांहून थोडी अधिक भरली. म्हणजे दिवस लहान झाला आणि काम किंचित् वाढलेंच.

ही कथा सांगून आजचे उपदेशक लगेच तात्पर्य काढतात: पाहा, सद्गुण हा अखेरीस किफायतशीर असतो! आम्हांला हें तात्पर्य घातक वाटतें. जो सचोटी फायद्याची म्हणून पाळतो, त्याची निष्ठा फायद्यावर असते. सचोटी ही त्याची तात्पुरती पाहुणी. किफायत दुसरीकडे दिसली कीं तो तिची बोळवण करील, आणि त्यांत त्याच्या दृष्टीनें कांहीं विसंगतिही असणार नाहीं. आठ तासांचा दिवस फायद्याचा ठरला हा आनंदाचा योग होता. परंतु मजुराला विसावा मिळावा याचें कारण त्यामुळें बदलत नाहीं. उद्यां एखादें यंत्र असें निघालें कीं ज्यावर बारा तास राबविणेंच लाभाचें, तर तेवढ्यानें यंत्राला टेकून उभ्यानें जेवणारा बाप न्याय्य ठरत नाहीं. हेतूची परीक्षा तो महाग पडतो त्या दिवशीं होते, आणि तारण लागतें तें त्या दिवसासाठीं.

त्याच काळांत आपल्याकडे काय चाललें होतें? नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची एक सुट्टी मागितली. रविवारची ती सुट्टी पदरांत पडण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. गिरणींतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांहून मोठा असूं नये असा कायदा १९११ सालीं झाला. १९२२ सालीं अकरा तास, १९३४ सालीं दहा तास आणि १९४८ सालीं नऊ तास व आठवड्याचे अठ्ठेचाळीस, अशा पायऱ्यांनीं ही मर्यादा खालीं आली. येना येथें एका धन्यानें आपण होऊन लिहून दिलें तें येथें चळवळीनें, संपांनीं आणि कायद्यानें मिळवावें लागलें. वाट निराळी असली तरी दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट घडली: मेहेरबानीचा हक्क झाला. जे आपण होऊन तारण ठेवीत नाहींत, त्यांच्याकडून तें समाज कायद्याच्या हातानें घेतो.

तारण ठेविलें नाहीं म्हणजे काय होतें, हें इंग्लंडांतील कॅडबरी कुटुंबाच्या उदाहरणांत दिसतें. हें क्वेकर पंथाचें कुटुंब. चॉकलेटचा धंदा करणारें. १८७९ सालीं त्यांनीं बर्मिंगहॅमच्या कोंदट वस्तींतून कारखाना बाहेर काढून बोर्नव्हिल येथें नेला. जवळ बागाबगीच्यांसह घरें बांधलीं. १९०० सालीं जॉर्ज कॅडबरी यांनीं तें गांव एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केलें. तें मंडळ आजही आहे आणि गांवाचा कारभार पाहत आहे. कारखान्याचें मात्र तसें झालें नाहीं. १९६२ सालीं कंपनीचे भाग बाजारांत आले, आणि २०१० सालीं अमेरिकेंतील क्राफ्ट कंपनीनें ती विकत घेतली. घेण्यापूर्वीं क्राफ्टनें ब्रिस्टलजवळचा सॉमरडेल येथील कारखाना चालूं ठेवण्याची आशा दाखविली होती. सौदा पुरा झाल्यावर कांहीं दिवसांतच तो बंद करण्याचें जाहीर केलें. त्याबद्दल तेथील नियामक मंडळानें तिला ठपका दिला, पण कारखाना गेला तो गेलाच. एकाच घराण्याच्या दोन कृती. दोहोंमागें मन तेंच. जी लिहून बांधली ती टिकली, आणि जी सत्प्रवृत्तीवर सोपविली ती बाजारभावानें विकली गेली.

यावर कोणी विचारील कीं, मेलेल्या माणसानें जिवंतांचे हात कां बांधावे? शंका रास्त आहे. काळ बदलतो, आणि आज शहाणपणाची वाटणारी अट उद्यां अडचण होऊं शकते. झाइस संस्थेच्या घटनेंतही २००४ सालीं मोठी सुधारणा करावी लागली. परंतु हात न बांधले तर ते मोकळे राहतात, ही समजूत चुकीची आहे. ज्या कंपनीचे भाग बाजारांत फिरतात, तिचेही हात बांधलेलेच असतात; दोरी मात्र रोजच्या भावाच्या हातीं असते. प्रश्न बंधन असावें कीं नसावें हा नाहीं. तें कोणाचें असावें हा आहे.

याहून कठीण आक्षेप इतिहासानेंच उभा केला आहे. ज्या कारखान्याच्या घटनेंत वंश व धर्म पाहूं नये असें लिहिलें होतें, त्याच कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धांत पकडून आणलेल्या हजारों परकी माणसांकडून सक्तीनें काम करून घेण्यांत आलें. आबे १९०५ सालींच वारले होते. त्यांचा लेख होता, पण त्याचा आधार घेऊन हिटलरशाहीला अडविणारें कोणी नव्हतें. कॅडबरी घराण्याविषयींही सांगितलें पाहिजे कीं, बोर्नव्हिलच्या बागा फुलत असतां त्यांचा बराचसा कोको पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटांतून येत होता, आणि तेथें गुलामांसारखे राबविले जाणारे मजूर आहेत ही वार्ता १९०१ च्या सुमारास कानीं येऊनही खरेदी थांबण्यास १९०९ साल लागलें. यावरून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. तारणाचा कागद स्वतः उठून बोलत नाहीं. तो हातीं घेऊन दाद मागणारा जिवंत मनुष्य लागतो, आणि त्याची दाद ऐकणारें राज्यही लागतें. तसेंच हेतूची हद्द बहुधा आपल्या कुंपणापाशीं संपते. कुंपणाआंतला मजूर माणूस वाटतो, समुद्रापलीकडचा केवळ मालाच्या भावांतील एक आंकडा होतो.

तरीही आबे यांचें कार्य फुकट गेलें असें म्हणवत नाहीं. १९४५ सालीं अमेरिकन सैन्यानें तेथील निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले, मागाहून रशियनांनीं यंत्रसामग्री उचलून नेली, १९४८ सालीं पूर्वेकडील कारखाना सरकारजमा झाला. एकाच नांवाचे दोन कारखाने चाळीस वर्षें दोन राज्यांत चालले आणि जर्मनी एक झाल्यावर पुन्हां एकत्र आले. इतक्या उलथापालथींनंतर आजही झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांची मालकी त्याच संस्थेकडे आहे. त्यांना विकून कोणाही वारसाला श्रीमंत होतां येत नाहीं.

आपल्याकडे या मार्गाचें सर्वांत मोठें उदाहरण टाटा घराण्याचें. सर रतन टाटा यांच्या इच्छेप्रमाणें १९१९ सालीं आणि सर दोराबजी टाटा यांच्या हातून १९३२ सालीं विश्वस्त निधि स्थापन झाले. आज टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारें ६६ टक्के भाग अशा निधींकडे आहेत. परळ येथील कर्करोगाचें रुग्णालय १९४१ सालीं निघालें तें याच द्रव्यांतून. जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस १९१२ सालीं आला. पण याच जमशेदपुरांत १९२० सालीं, १९२२ सालीं आणि १९२८ सालीं मोठे संप झाले, ही गोष्ट गौरवपर लेखांत बहुधा गळून जाते. ती गाळूं नये. मालकी लोकहिताच्या हातीं गेली म्हणजे नफा कोठें जातो एवढें ठरतें. तो कसा मिळवावा हें त्यानें आपोआप ठरत नाहीं. आबे यांनीं दोन्ही गोष्टी लिहून ठेविल्या होत्या, म्हणून त्यांचा लेख अधिक पूर्ण. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयास लाविलें आहे. तें चांगलेंच झालें. परंतु दोन टक्क्यांच्या शाळेचें छायाचित्र पाहतांना उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणत्या रीतीनें मिळाले, हें विचारावयाचें विसरूं नये.

शेवटीं हा प्रश्न केवळ कारखानदारांचा आहे असें समजून वाचकांनीं निश्चिंत राहूं नये. आपल्या मध्यमवर्गाचा पैसा आज निवृत्तिनिधींतून, विम्यांतून आणि भागांच्या खरेदींतून याच कंपन्यांत गुंतलेला आहे. तिमाही भाव उतरला कीं अस्वस्थ होणारे आपणच, आणि कंपन्या माणुसकी विसरल्या असें संध्याकाळीं म्हणणारेही आपणच. हेतूसाठीं तारण मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण तारण ठेवणाऱ्या कंपनीचा लाभांश एखादे वर्षीं कमी येईल, तेव्हां तो मुकाट्यानें घेण्याची तयारीही हवी. आबे यांनीं नफ्यावरील आपला हक्क सोडला तेव्हां त्यांना इतरांकडून कांहीं मागण्याचा अधिकार आला. आपल्याकडून तितक्या मोठ्या त्यागाची कोणी अपेक्षा करीत नाहीं. शेंकड्यामागें एखादा रुपया कमी घेऊन आपण किती दिवस स्वस्थ राहूं शकतों, एवढेंच ज्यानें त्यानें आपल्याशीं विचारून पाहावें.